वजनाच्या ऑपरेशनआधी घरात काय काय बदलून ठेवायचं

बॅरिॲट्रिक ऑपरेशनची तारीख मिळाली की बहुतेक जण हॉस्पिटलची बॅग भरायला घेतात. अहो ती आदल्या रात्री भरली तरी चालते. जे महिना-दीड महिना आधी सुरू करावं लागतं ते वेगळंच, आणि त्यातलं अर्धंअधिक स्वयंपाकघरात असतं. आमच्या फोंड्याच्या घरी दादाचं स्लीव्ह झालं, म्हणजे जठराचा पाऊण भाग किंवा थोडा जास्तच काढून टाकतात आणि केळ्याएवढी नळी ठेवतात. त्याचं पथ्यपाणी माझ्याकडे होतं म्हणून लिहितेय.

पैशाचं मात्र सगळ्यात आधी बघा. आपल्या लोकांना कमी वजनातच डायबेटिस गाठतो, म्हणून डॉक्टर आशियाई माणसाला बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) 27.5 च्या पुढे पण ऑपरेशन सुचवू शकतात, पण इन्शुरन्सवाले सहसा 40 मागतात, किंवा 35 आणि सोबत कंट्रोलमध्ये नसलेला डायबेटिस, हार्टचा आजार, गंभीर स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं) असं काहीतरी. म्हणजे डॉक्टर हो म्हणाले तरी क्लेम पास होईलच असं नाही. पॉलिसीचा वेटिंग पिरियड बघा, शुगरचे जुने रिपोर्ट शोधून फाईल करा, आणि गोवा सरकारच्या दीनदयाळ आरोग्य योजनेच्या कार्डावर हे बसतं का ते हॉस्पिटलच्या काउंटरवरच विचारा, शेजारच्या काकूंना नको.

तपासण्यांची यादी लांबलचक असते, एंडोस्कोपी, सोनोग्राफी, थायरॉइड, बी12, डी, आयर्न, ईसीजी, सगळं मुकाट्याने करून घ्यायचं. घोरणाऱ्यांनी स्लीप स्टडी टाळू नका, सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून हवा देणारं) लागलं तर ते आधीपासून वापरायचं आणि हॉस्पिटलमध्ये पण न्यायचं. सिगरेट कमीत कमी सहा आठवडे आधी बंद. बायकांनी गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर सांगा, आणि ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष दिवस राहू द्यायचे नसतात, त्याची सोय आधीच विचारून ठेवा.

आता मुख्य गोष्ट, शेवटचे दोन आठवडे. ह्या डाएटला लोक उगाच हलक्यात घेतात, "तसंही कापणारच आहेत, आता खाऊन घे" म्हणणारे घरात एक-दोन असतातच. पण लिव्हरचा डावा भाग बरोब्बर जठरावर येतो, तो चरबीने फुगलेला असला तर सर्जनला दुर्बिणीतून काम करायला जागाच मिळत नाही. भात-पाव-साखर तोडली की लिव्हर त्या दोन आठवड्यांत खरंच आकसतं. दिवसाला साधारण 800 ते 1200 कॅलरी, नेमकं काय ते डाएटिशियन लिहून देतात. आमच्याकडे शीत-हुमण (भात आणि माशाची आमटी) बंद, पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हॉर्न वाजला तरी गेटवर कोणी जायचं नाही, बांगडा तव्यावर नावाला तेल लावून, ताक, मुगाचं कढण, अंड्याचा पांढरा. सोलकढी नारळाच्या रसाची नाही, फुटी कढी, म्हणजे नुसत्या कोकमाची.

डायबेटिसवाल्यांनी इथे फार सांभाळा. खाणं अर्ध्यावर आलं आणि इन्शुलिन तेवढंच राहिलं तर शुगर धाडकन खाली येते, म्हणून डाएट सुरू करायच्या आधीच डोस बदलून घ्यायचे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या निदान तीन दिवस आधी थांबवतात. रक्त पातळ करायच्या गोळ्या, वजनाची आठवड्याची इंजेक्शनं, हे सगळं भूलवाल्या डॉक्टरांना नावानिशी सांगा, स्वतःच्या मनाने काही बंद करू नका.

खायची पद्धत पण आत्ताच बदला, नंतर टाके असताना शिकणं कठीण. बशीएवढं ताट, छोटा चमचा, घास अगदी पातळ होईपर्यंत चावायचा, आणि जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास तरी नाही. आपल्याकडे हे जड जातं कारण आपण शीत कालवून भुरकणारी माणसं, चावतो कुठे? दादा बांगड्याचा एक तुकडा घेऊन मोबाईलवर टायमर लावून बसायचा आणि आई समोरून पातेलं घेऊन उभी, "एवढंसंच?" शेवटी वाढायची डवलीच मी ताब्यात घेतली. घरच्यांना आधी समजावणं हे पण तयारीतच धरा.

लिम्का-सोडा आतापासून सोडा, नंतर छोट्या जठरात गॅस सहन होत नाही. उर्राकच्या (काजूच्या दारूच्या) सीझनवाल्यांना वेगळं सांगते, ऑपरेशननंतर दारू पटकन आणि जास्त चढते, "एकच पेग" हा जुना हिशोब चालत नाही.

तारीख घेताना चवथ (गणेशचतुर्थी) बघून घ्या. ऑपरेशननंतर सुरुवातीचे दोनेक आठवडे पातळ, मग तेवढेच दिवस वाटलेलं खाणं, त्यात घरात नेवऱ्या (करंज्या) तळल्या जात असतील तर उगाच छळ. प्रोटीन पावडरचा मोठा डबा आणू नका, सॅशे आणा, कारण नंतर चव बदलते आणि डबा तसाच पडून राहतो. मिक्सर, बारीक गाळणं, मोजमापाचे छोटे कप काढून ठेवा.

फुंकायचं ते तीन बॉलवालं स्पायरोमीटर (फुफ्फुसांच्या व्यायामाचं) असतं, ते खरं म्हणजे आत ओढायचं, त्याची प्रॅक्टिस घरीच करा. रोज चाला, कारण ऑपरेशनच्या दिवशीच उठवून चालवतात, पायात रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून. आणि हो बॅग. त्यात ढगळ कपडे, लिप बाम (पाणी बंद असताना ओठ फुटतात), लांब वायरचा चार्जर आणि चालू औषधांची चिठ्ठी, झालं.