गोदावरी आणि नांदूरमध्यमेश्वरच्या पाखरांसाठी काही करायचंय? आधी एक नाला धरा

दरवर्षी उन्हाळ्यात नाशिकला गोदावरीतल्या पाणवेलींचे फोटो ग्रुपवर फिरतात, सगळे हळहळतात, आठवडाभरात विषय संपतो. मलाही बरीच वर्षं कळत नव्हतं की नेमकं जायचं कुणाकडे, लिहायचं काय. आता थोडंफार जमायला लागलंय म्हणून लिहितेय, कुणाच्या तरी कामाला येईल.

पहिली गोष्ट, अख्खी नदी अंगावर घेऊ नका. नासर्डी, वाघाडी, वालदेवी अशी एखादी छोटी नदी, नाहीतर तुमच्या कॉलनीमागून वाहणारा नाला, यातली एकच जागा धरा जिथे तुम्ही दर आठवड्याला खरंच जाऊ शकता. पाखरं आवडणाऱ्यांना हे पटत नाही, त्यांना वाटतं आपलं काम तिकडे निफाडला, नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात. पण नांदूरमध्यमेश्वरला येणारं पाणी कुठलं? आपलंच ना! सातपूर-अंबड एमआयडीसीतून येणारी नासर्डी टाकळीला गोदावरीला मिळते आणि तेच पाणी पुढे सायखेडा-चांदोरी करत नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यात जातं, जिथे कादवा येऊन मिळते. 2020 साली या जागेला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असा मान, जाहीर झाला, महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा आहे ती. हिवाळ्यात हजारो किलोमीटर उडून थापट्या, तलवार बदकं, चक्रवाक तिथे उतरतात आणि आपण त्यांना वरून सांडपाणी पाठवतो. पाणवेली पण त्यामुळेच माजतात, सांडपाण्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस म्हणजे त्यांना फुकटचं खत, मग मशीन लावून कितीही काढा, परत येतातच.

आता नोंदी. मी तर म्हणेन सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. एकाच जागेवरून, शक्यतो एकाच वेळेला फोटो काढायचा, मोबाईलमध्ये जीपीएस मॅप कॅमेरा टाकून घ्या म्हणजे तारीख, वेळ, ठिकाण फोटोवरच येतं. वहीत रंग, वास, फेस, मेलेले मासे, आदल्या दिवशी पाऊस होता का, कोणते पक्षी दिसले ते लिहायचं. पक्षी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर पण टाका, तिथली नोंद कायम राहते.

याचं महत्त्व मला कसं कळलं ते सांगते. एका रविवारी सकाळी नाल्याचं पाणी लालसर दिसलं, लगेच प्रदूषण नियंत्रण मंडळाला फोन केला, त्यांचा माणूस आला सोमवारी दुपारी, तोवर पाणी नेहमीसारखं, आणि कागदावर लागलं की काही आढळलं नाही. फार वाईट वाटलं, रडूच आलं खरं तर. मग आम्ही तिघीजणी तीन महिने दर रविवारी गेलो, चार वेळा तोच रंग सापडला, चारही तारखा आणि फोटो जोडून लिहिलं की नमुना रविवारी सकाळी 6 ते 8 मध्येच घ्यावा. यावेळी ते रविवारी आले आणि आमच्यासमोर बाटल्या भरल्या.

तक्रार कुठे करायची यात बरेच जण अडकतात. ड्रेनेजचं पाणी असेल तर महापालिका, रंगीत किंवा केमिकलच्या वासाचं पाणी असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, शिकार, जाळी, घरटी असा विषय असेल तर वनविभागाचा 1926 नंबर, पाणथळ जागेत डेब्रिज टाकत असतील तर तहसीलदार आणि जिल्हाधिकारी. शंका असेल तर सगळ्यांनाच प्रत द्या. आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका, आपल्या कॉपीवर आवक नंबर आणि शिक्का पाहिजेच, तो नसेल तर पुढे काहीच सिद्ध करता येत नाही.

महिनाभरात उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा किंवा ऑनलाइन भरायचा, 30 दिवसात उत्तर नाही तर पहिलं अपील. "नदी का घाण आहे" असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. मलजल शुद्धीकरण केंद्रात येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचे गेल्या 12 महिन्यांचे तपासणी अहवाल मागा. ते वाचायला शिकावं लागतं पण अवघड नाहीये. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो ते, आकडा जेवढा मोठा तेवढी घाण जास्त. नदीत आंघोळ करायची तर बीओडी लिटरमागे 3 मिलिग्रॅमच्या आत हवा, विरघळलेला ऑक्सिजन 5 च्या वर हवा आणि फेकल कोलिफॉर्म (विष्ठेतून येणारे जिवाणू) 100 मिलिलिटरमागे जास्तीत जास्त 2500. पण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची मर्यादा वेगळी, जास्त सैल असते, ती आणि आंघोळीची मर्यादा एकत्र केली की समोरचा अधिकारी एका वाक्यात तुमचा अर्ज उडवतो.

झाडांचं मात्र घाईचं काम असतं, आणि 2027 चा सिंहस्थ जवळ आलाय, सगळीकडे कामं चाललीत, त्यामुळे डोळे उघडे ठेवा. शहरातल्या झाडांसाठी 1975 चा कायदा आहे, तोडायच्या आधी झाडावर नोटीस लावावी लागते, पेपरात द्यावी लागते आणि हरकतीला 7 दिवस असतात. हरकत प्रत्येकाने आपल्या शब्दात लिहा, झाडाचा नंबर, जात, त्यावर घरटं आहे का हे घाला, 50 वर्षांच्या वरचं झाड असेल तर 2021 च्या दुरुस्तीप्रमाणे ते हेरिटेज ठरतं, तेही लिहा. एकच फॉरवर्ड केलेला मजकूर शंभर जणांनी पाठवला तर त्याला तेवढं वजन येत नाही.

गोदाकाठच्या गावात जाल तेव्हा आधी ऐकून घ्या. तिथे उसात बिबट्या आहे, लोकांना रात्री पाणी भरायला शेतात जायची भीती वाटते, त्यांच्यासमोर आपण शहरातून जाऊन वन्यजीवांवर भाषण द्यायचं हे बरोबर नाही. पण नदीचं पाणी घाण येतंय याचा त्रास आपल्यापेक्षा त्यांनाच जास्त होतो, म्हणून तिथून सुरुवात करा, ग्रामसभेत ठराव घ्या. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असते, तिची नोंदवही मागा, त्यात गावातलं तळं, पक्षी, झाडं लिहिलेली नसतील तर लिहायला मदत करा, म्हाताऱ्या माणसांना सगळं माहीत असतं.

एवढं करूनही हललं नाही तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांसाठीचं कोर्ट, आपल्यासाठी पुण्याचं खंडपीठ. नुकसानभरपाई मागत नसाल तर फी 1000 रुपये, वकील नसला तरी स्वतः उभं राहता येतं. फक्त साधारण प्रकरणात प्रकार सुरू झाल्यापासून 6 महिन्यात जावं लागतं, कारण पटलं तर वर 60 दिवस मिळू शकतात. तिथे ती वही, फोटो आणि शिक्का मारलेल्या पोचपावत्या लागतात, म्हणून पोचपावत्यांचे पण फोटो काढून ठेवा, थर्मल प्रिंटच्या पावत्या वर्षभरात कोऱ्या होतात.