डळमळत्या टेबलावरही नॅनोमीटर मोजता येतो: अ‍ॅडॅप्टिव्ह इंटरफेरोमेट्रीकडे वळणाऱ्यांसाठी

एमएस्सी फिजिक्सनंतर ऑप्टिक्सकडे येणारी मुलंमुली हल्ली बहुतेक गुरुत्वीय लहरींचं नाव घेऊनच येतात. हिंगोली जिल्ह्यात लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे, तेव्हा ते साहजिकच. पण इंटरफेरोमेट्रीची, म्हणजे प्रकाशाचे दोन बीम एकमेकांत मिसळून सूक्ष्म अंतर मोजण्याच्या तंत्राची, आणखी एक शाखा आहे, जिच्यात मी काम करते आणि जिच्याबद्दल मराठीत फारच कमी बोललं जातं: फोटोरिफ्रॅक्टिव्ह (प्रकाश पडला की अपवर्तनांक बदलणारे) स्फटिक वापरून केलेलं मापन.

सुरुवात मात्र स्फटिकापासून करू नका. आधी साधा मायकेल्सन इंटरफेरोमीटर लावा, म्हणजे एक बीम दोन वाटांनी आरशांवर पाठवून परत एकत्र आणा. हीलियम-निऑन लेझर असेल तर आरसा 316 नॅनोमीटर सरकला की एक अख्खी फ्रिंज (उजेड-अंधाराची एक पट्टी) सरकते. आता ऑसिलोस्कोपसमोर बसा. एसी सुरू होतो, कुणी दार लावतं, आणि रेषा वरखाली भटकत राहते. तुम्हाला मोजायचं असतं नॅनोमीटरभर कंपन, आणि ते या भटकण्यात बुडून जातं. आरशाच्या जागी खरखरीत धातूचा तुकडा ठेवलात तर स्पेकल, म्हणजे खरखरीत पृष्ठभागावरून विखुरलेल्या लेझरचे ठिपके, आडवे येतात, सिग्नल जवळजवळ नाहीसाच होतो. हे दोन्ही त्रास डोळ्यांनी पाहिले की पुढचं सगळं झटकन समजतं.

1966 साली बेल लॅब्समध्ये दिसलं, की लेझरमुळे लिथियम नायोबेटचा अपवर्तनांक जागोजागी बिघडतो. तेव्हा त्याला ‘ऑप्टिकल डॅमेज’ म्हटलं गेलं. आपलं सगळं काम त्याच बिघाडावर चालतं. सिग्नल आणि रेफरन्स हे दोन बीम स्फटिकात भेटले की फ्रिंजेस पडतात. उजेडाच्या पट्ट्यांतून विद्युतभार सुटतात आणि अंधाराच्या पट्ट्यांत जाऊन अडकतात. त्यातून आत विद्युतक्षेत्र तयार होतं, ते अपवर्तनांक बदलतं आणि होलोग्राम उमटतो. रेफरन्स बीमचा काही भाग या होलोग्रामवरून वळतो तो थेट सिग्नलचाच वेव्हफ्रंट (तरंगाचा आकार) घेऊन, त्यामुळे स्पेकल असले तरी दोन्ही बीम नेमके जुळतात.

टेबल हळू हललं तर होलोग्राम नव्याने लिहिला जातो, म्हणून ही इंटरफेरोमेट्री ‘अ‍ॅडॅप्टिव्ह’, म्हणजे जुळवून घेणारी. बदल वेगाने झाला तर त्याला तेवढी सवड मिळत नाही, आणि तेवढाच बदल डिटेक्टरवर दिसतो. टेबलावर बोटाने हलकेच टकटक करून बघा: रेषा उसळते आणि आपोआप जागेवर येते. मला हे अजूनही पुन्हापुन्हा बघावंसं वाटतं.

म्हणून नवीन स्फटिक हातात आला की सगळ्यात आधी त्याचा प्रतिसादकाल मोजा. सिग्नल बीम अडवला तरी त्या दिशेने थोडा वेळ प्रकाश येत राहतो, मग मंदावतो, कारण रेफरन्स बीम होलोग्राम पुसत असतो. तो किती वेळात मंदावतो ते नोंदवा. मग आरशाला पिझो (व्होल्टेज दिलं की किंचित सरकणारा तुकडा) लावून ठरावीक अँप्लिट्यूडची साइन वेव्ह द्या आणि फ्रिक्वेन्सी वाढवत जा. आलेख एका जागी वळतो आणि पुढे सपाट होतो. तो वळणबिंदू इमारतीच्या थरथरीच्या वर आणि तुमच्या सिग्नलच्या खाली असायला हवा. प्रकाश वाढवला की तो वर सरकतो, त्यामुळे लेझरची पॉवर नोंदवल्याशिवाय घेतलेलं रीडिंग माझ्या मते रीडिंगच नाही.

नवखे अडतात ते क्वाड्रॅचरपाशी, म्हणजे डिटेक्टरवरच्या दोन बीममध्ये पाव तरंगाचा फरक ठेवण्यापाशी. विद्युतभार फक्त डिफ्यूजनने पसरले तर फ्रिंजेस आणि होलोग्राम यांत पाव फ्रिंजेचं अंतर पडतं, त्यामुळे डिटेक्टरवर दोन्ही बीम एकाच फेजमध्ये येतात आणि छोट्या फेज-बदलाला सरळ रेषेत प्रतिसाद मिळत नाही. त्यासाठी स्फटिकाला बाहेरून काही किलोव्होल्ट प्रति सेंटिमीटर क्षेत्र द्यावं लागतं, किंवा ध्रुवीकरणाची योजना करावी लागते. हे गणित एकदा तरी स्वतः कागदावर सोडवाच.

नोकऱ्या कुठे आहेत, हा प्रश्न हमखास येतो. मुख्यतः नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंगमध्ये, म्हणजे वस्तू न तोडता तिची तपासणी करण्यात. 1991 मध्ये या पद्धतीने लेझरद्वारे अल्ट्रासाउंड टिपून दाखवण्यात आला. एक लेझर पल्स धातूत अल्ट्रासाउंड निर्माण करते, दुसरा लेझर तो वाचतो. हात न लावता मोजमाप होत असल्यामुळे लालबुंद पोलादी नळीची जाडीही कळते. इथे फिजिक्सइतकंच इलेक्ट्रॉनिक्स लागतं. कमी नॉइजचा अँप्लिफायर स्वतः बांधता येणारा विद्यार्थी कुठल्याही लॅबला हवाच असतो.

पीएचडीसाठी गाइडला लिहाल तेव्हा विचारा: स्फटिक कोणता, कुठल्या दिशेने कापलेला, लेझर कोणता? बिस्मथ सिलिकॉन ऑक्साइड असेल तर काम बहुधा हिरव्या प्रकाशात चालेल. गॅलियम आर्सेनाइड किंवा कॅडमियम टेल्युराइड असेल तर 1064 नॅनोमीटर. तो प्रकाश डोळ्याला दिसत नाही, तेव्हा त्या तरंगलांबीचे गॉगल्स लॅबमध्ये सगळ्यांना पुरतील एवढे आहेत का, हेही त्याच पत्रात विचारून घ्या.