प्रश्नाच्या मापाची टॅरो मांडणी

टॅरो, म्हणजे चित्रपत्ते मांडून त्यांवरून प्रश्नाचा अर्थ लावण्याची पद्धत, शिकू लागलेल्या बहुतेकांच्या हाती पहिली मोठी मांडणी येते ती दहा पत्त्यांची केल्टिक क्रॉस. गूढविद्येचे लेखक आर्थर एडवर्ड वेट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ती छापून प्रसिद्ध केली आणि १९०९ साली लंडनच्या रायडर कंपनीने काढलेल्या, पामेला कोलमन स्मिथ यांनी चितारलेल्या पत्त्यांबरोबर ती सर्वदूर पोहोचली. मांडणी उत्तम आहे. मात्र तिची दहा घरे, म्हणजे पत्ते ठेवण्याच्या जागा आणि त्यांचे अर्थ, आधीच ठरलेली असल्यामुळे प्रश्न कोणताही असो, त्याला त्याच घरांत बसावे लागते. म्हणून मांडणी प्रश्नावरून बेतावी, आणि तिला किती सैल सोडायचे हेही पत्ते पिसण्यापूर्वीच ठरवावे.

सुरुवात पत्त्यांपासून न करता कागदापासून करावी. प्रश्न विचारणाऱ्याने आपली अडचण जशी सांगितली तशीच, त्याच्याच शब्दांत, दोन-तीन वाक्यांत उतरवून घ्यावी. समजा, एखाद्याने सांगितले : ‘नाशिकहून नागपूरला बढतीवर बदली झाली आहे, पण आईला हे घर सोडवत नाही, आणि आता नाही म्हटले तर पुढची संधी कधी येईल याचा भरवसा नाही.’ या वाक्यात तीन ताण आहेत आणि मांडणीची घरे तेथूनच निघतात. बढती मला नेमके काय देते आहे? त्याच्या बदल्यात ती माझ्याकडून काय मागते आहे? आईशी कोणते बोलणे मी टाळतो आहे? नकार दिल्यास माझ्या हाती काय उरते? आणि येत्या महिन्याभरात मला उचलता येण्याजोगे पाऊल कोणते? पाच घरे झाली आणि एवढी पुरे आहेत.

तिसऱ्या घराची शब्दरचना मुद्दाम पाहावी. ‘आईच्या मनात काय आहे’ असेही ते लिहिता आले असते, परंतु समोर नसलेल्या माणसाच्या मनाविषयी पत्ता वाचू लागलो की वाचणारा स्वतःचेच तर्क त्या माणसाच्या तोंडी घालतो. प्रश्न विचारणाऱ्याच्या बाजूने लिहिलेले घर मात्र त्याला पडताळून पाहता येते. त्याचप्रमाणे ‘हो की नाही’ असे उत्तर मागणारी घरे टाळावीत, कारण चित्रातील बारकाव्यांना तेथे काही कामच उरत नाही. आजाराचे निदान किंवा कोर्टाचा निकाल यांसाठी तर घर आखूच नये.

घरे पक्की करण्याआधी एक चाचणी घ्यावी. कॅटमधून कोणताही एक पत्ता, उदाहरणार्थ फोर ऑफ पेंटॅकल्स, मनातल्या मनात प्रत्येक घरात ठेवून पाहावा. या पत्त्यावर एक मुकुटधारी माणूस एक नाणे छातीशी कवटाळून बसला आहे, एक नाणे त्याच्या मुकुटावर, दोन पायांखाली आहेत आणि त्याच्या पाठीमागे शहर दिसते. पहिल्या घरात हा पत्ता पगाराची शाश्वती सांगेल. दुसऱ्यात, हलता येणार नाही इतके बांधले जाणे. तिसऱ्यात, घट्ट धरून ठेवलेला आणि अजून तोंडातून न निघालेला विषय. तीन घरांत तीन वेगळे अर्थ निघाले म्हणजे घरे नीट आखली गेली आहेत. दोन घरांत तोच अर्थ निघू लागला तर त्यांतले एक खुशाल काढून टाकावे.

पत्ते कोठे ठेवायचे, यालाही अर्थ असतो. बढती आणि नकार ही घरे समोरासमोर ठेवावीत, म्हणजे चित्रांतील माणसे एकमेकांकडे पाहतात की पाठ फिरवतात हे दिसते. स्मिथ यांच्या चित्रांत नाइट ऑफ स्वोर्ड्सचा घोडा डावीकडे उधळलेला आहे, तर नाइट ऑफ कप्स उजवीकडे संथपणे चालला आहे. ते कोणाच्या दिशेने निघाले आहेत यावरून वाचनाला वळण मिळते. मार्सेय या जुन्या फ्रेंच पद्धतीच्या पत्त्यांत मायनर अर्कानाच्या (चार रंगांत विभागलेल्या पत्त्यांच्या) अंकपत्त्यांवर प्रसंगचित्रे नसल्याने ही सोय तेथे फारशी मिळत नाही.

लवचीकतेचा खरा भाग यापुढचा. ती नियमांतून यावी, लहरीतून नव्हे, कारण आयत्या वेळी ‘आणखी एक पत्ता काढू’ म्हणणारा रीडर बहुधा मनासारखा पत्ता येईपर्यंत थांबत नाही. वरील मांडणीसाठी दोन नियम पुरतील. तिसऱ्या घरात राजा, राणी, नाइट किंवा पेज यांपैकी कोणी आल्यास त्याच्याखाली एक जोडपत्ता काढावा आणि पत्त्यावरची व्यक्ती प्रश्न विचारणारा स्वतः आहे की दुसरी कोणी, हे त्याला विचारून वाचावे. पाचव्या घरात मेजर अर्काना, म्हणजे चार रंगांबाहेरचा स्वतंत्र नावाचा पत्ता, आल्यास मायनर पत्ता लागेपर्यंत कॅटमधून पुढचे पत्ते उलगडावेत आणि तो शेजारी ठेवावा. द टॉवर किंवा द वर्ल्ड असे मेजर पत्ते मोठे वळण दाखवतात, सोमवारी सकाळी करायचे काम नव्हे. उलटे (डोके खाली होऊन आलेले) पत्ते वेगळ्या अर्थाने धरायचे की नाही, हेही याच वेळी ठरवावे.

येथे थोडा हिशेबही उपयोगी पडतो. ७८ पत्त्यांत मेजर अर्कानाचे २२ आहेत. त्यामुळे पाच पत्त्यांच्या मांडणीत त्यांतले तीन किंवा अधिक येण्याचा योग शंभरांत सुमारे तेरा वेळा असतो. तेवढ्यावरून ‘नियतीचा मोठा कौल आहे’ असे सांगून समोरच्याला घाबरवणे मला तरी गैर वाटते.

वाचन झाल्यावर घरांचे प्रश्न, आलेले पत्ते आणि वापरलेले नियम तारखेसह वहीत लिहून ठेवावेत. महिन्याभराने ते पान त्या व्यक्तीसमोर उघडून कोणत्या घराने तिला नवे काही सुचवले आणि कोणते नुसते शेजारच्याचीच री ओढत होते, हे तिलाच विचारावे. पुढच्या वेळी ते घर गाळावे किंवा त्याचा प्रश्न नव्याने लिहावा.