ज्युनियर हॉकीतल्या पॉइंटांवर भुलू नका, या चुका टाळा

एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी तरुण खेळाडू निवडायचा कार्यक्रम, जवळ आला की आम्हा ऑन्टारिओतल्या मराठी मंडळींत एकच विषय निघतो. अमक्या पोराने ज्युनियरमध्ये, म्हणजे वीस वर्षांपर्यंतच्या पोरांच्या लीगमध्ये, शंभर पॉइंट (गोल आणि असिस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या गोलाला दिलेली साथ, मिळून) काढलेत, मग वर एनएचएलमध्ये गेल्यावर किती काढेल? प्रश्न रास्त आहे, पण उत्तर शोधताना बहुतेकांची नजर पॉइंटांच्या रकान्यापुढे सरकत नाही. तिथेच घोळ होतो.

उदाहरणाला २०१४-१५ चा ईरी ऑटर्स हा ओएचएलचा, म्हणजे ऑन्टारिओच्या ज्युनियर लीगचा, संघ घेऊ. कॉनर मॅकडेव्हिडने ४७ सामन्यांत १२० पॉइंट काढले. डिलन स्ट्रोमने ६८ सामन्यांत १२९ काढून लीगमध्ये पहिला नंबर पटकावला. आणि ५ फूट ७ इंच उंचीच्या अ‍ॅलेक्स डेब्रिंकॅटने ओएचएलमधल्या पहिल्याच वर्षी ५१ गोल ठोकले. एका संघातली तीन पोरं, आणि तिघांच्या वाटा तीन दिशांना गेल्या.

गुणकालाच भविष्य मानणे

ओएचएलच्या पॉइंटांना साधारण ०.३ ने गुणून एनएचएलचा अंदाज काढायची रीत आहे. या हिशेबाने स्ट्रोमला ८२ सामन्यांत ४७ च्या आसपास पॉइंट मिळायला हवेत आणि मॅकडेव्हिडला ६३ च्या आसपास. प्रत्यक्षात मॅकडेव्हिडने पहिल्या मोसमात ४५ सामन्यांतच ४८ काढले. स्ट्रोमने २०१७-१८ मध्ये २१ सामन्यांत ९. गुणक ही सरासरी आहे, आणि तीही जे वर पोचले आणि ज्यांना खेळायला मिळालं त्यांचीच. अर्ध्या वाटेवर थांबलेली पोरं त्यात धरलेलीच नसतात.

जोडीदाराचं श्रेय डोळे मिटून कापणे

ही चूक मला सगळ्यांत जास्त खटकते, कारण ती हुशार माणसं करतात. "मॅकडेव्हिडच्या बाजूला खेळला म्हणून गोल झाले" असं डेब्रिंकॅटबद्दल किती जणांनी म्हटलं असेल! शंका घेणं बरोबरच आहे. पण शंका घेतली की ती तपासायचीही असते. २०१५-१६ मध्ये मॅकडेव्हिड एनएचएलच्या एडमंटन संघात गेला आणि डेब्रिंकॅटने पुन्हा ५१ गोल केले, तेही कमी सामन्यांत. तरी २०१६ च्या ड्राफ्टमध्ये तो ३९ व्या क्रमांकावर गेला. पुढे शिकागोकडून पहिल्या मोसमात २८ आणि दुसऱ्यात ४१ गोल.

आता स्ट्रोमचं बघा. मॅकडेव्हिड गेल्यावर त्यानेही ५६ सामन्यांत १११ पॉइंट काढले. म्हणजे त्याचे आकडे उसने नव्हते. त्याच्याबद्दलचा खरा प्रश्न पायांचा होता, स्केटिंगचा वेग कमी पडत होता. ज्युनियरमध्ये नजर आणि हात असले की पक (खेळायची रबरी चकती) थांबवून विचार करायला क्षणभर मिळतो. वर तो क्षण मिळत नाही. ही गोष्ट आकड्यांत कुठेच दिसत नाही, ती रिंकवर जाऊनच बघावी लागते.

जन्मतारीख न बघणे

ड्राफ्टसाठी १५ सप्टेंबरपर्यंत १८ वर्षं पूर्ण लागतात. ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म १७ सप्टेंबर १९९७ चा, दोन दिवसांनी २०१५ चा ड्राफ्ट हुकला आणि २०१६ मध्ये तो पहिला निवडला गेला. एकाच ड्राफ्टमधली दोन पोरं जवळजवळ वर्षाने लहानमोठी असू शकतात, आणि सतराव्या वर्षी एका वर्षाने अंगात केवढा फरक पडतो ते कुठल्याही आईबापाला विचारा. विसाव्या वर्षी ज्युनियरमध्ये खेळणाऱ्याचे आकडे तर आणखी जपून वाचावेत. यानी गूर्डने त्या वयात क्युबेकच्या लीगमध्ये ६८ सामन्यांत १२४ पॉइंट काढले. एनएचएलमध्ये पाय रोवायला त्याला २०१७-१८ उजाडलं. तेव्हा मात्र ६४ पॉइंट घेतले, हेही सांगायला हवं.

पॉइंट कसा आला ते न विचारणे

गोलाला दोघांपर्यंत असिस्ट मिळतात. दुसरा असिस्ट कधी अप्रतिम पासचा असतो, तर कधी नुसता पक पुढे ढकलल्याचा. एका संध्याकाळी मी रिंकवर पूर्णवेळ एकाच पोरावर नजर ठेवून बसलो होतो. त्याला तीन पॉइंट मिळाले, तिन्ही पॉवर प्लेवर, म्हणजे समोरच्या संघाचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर बसलेला असताना. रिंकच्या कडेच्या बोर्डापाशी उभा राहून तो निवांत पास निवडत होता, अंगावर कुणी येतच नव्हतं. पाच विरुद्ध पाच सुरू झालं की तोच पोरगा गोलासमोरच्या गर्दीत शिरेना, लांबून शॉट मारून बाजूला होई. दुसऱ्या दिवशी आकड्यांत फक्त "३" दिसलं. म्हणून समसमान खेळातले पॉइंट, पहिले असिस्ट आणि शॉटची संख्या वेगळी लिहून ठेवा. जागतिक ज्युनियर स्पर्धेतल्या सहा-सात सामन्यांवरून मत बदलू नका, एवढे सामने कुणाचेही चांगले जातात.

निकाल घाईने लावणे

एनएचएलच्या अ‍ॅरिझोना संघात स्ट्रोम रुळला नाही तेव्हा अनेकांनी त्याच्या नावावर काट मारली. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्याची शिकागोला अदलाबदल झाली, तिथे जुना सोबती डेब्रिंकॅट होताच. उरलेल्या मोसमात ५८ सामने, ५१ पॉइंट. आणि २०२४-२५ मध्ये वॉशिंग्टनसाठी ८२ पॉइंट.