माळावरचे पक्षी वाचवायला निघालात? मग या चुका टाळा

मृगाच्या सरी पडल्या की माझा फोन वाजायला लागतो. "सर, आमच्या गावाला शंभर एकर माळ नुसता पडून आहे. तिथे तितर-बितर आहेत म्हणतात. आपल्याला काहीतरी करायचंय." 'पडून आहे' हे शब्द ऐकले की पुढे काय होणार ते मला कळतं. ज्याला माळ पडीक दिसतो, तो तिथे काहीतरी उभं करणारच. आणि जे उभं राहतं, त्यानेच पाखरू जातं.

मी वाशीम-अकोल्याच्या बाजूला बरीच वर्षं गवताच्या मागे फिरतोय. तितर, लाव्हे, पखुर्ड्या (सँडग्राउज) आणि नशीब असेल तर तणमोर (माळढोकाच्या कुळातला लहान पक्षी). ही सगळी जमिनीवर चरणारी, जमिनीवरच अंडी घालणारी पाखरं. एवढं एक वाक्य डोक्यात पक्कं बसलं तरी खालच्या निम्म्या चुका होणार नाहीत.

झाडं लावणे

हा माझा दुखरा दात आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

काही वर्षांपूर्वी एका गावाच्या ई-क्लास (सरकारी गायरान) जमिनीवर मी सलग दोन पावसाळे पहाटे जाऊन बसलो होतो. साठेक एकर. वर मुरूम, उतारावर पवन्या आणि मारवेल गवत, मधे चार बोरी, दोन-तीन हिवराची झाडं. जुलैत रंगीत तितराचे पाच नर वेगवेगळ्या कोपऱ्यांतून ओरडायचे. मी ते नकाशावर मांडून एका कार्यालयात नेऊन दिले. साहेबांनी कागद घेतला, चहा पाजला. पुढच्या जूनमध्ये त्याच जमिनीवर जेसीबीने दोरी लावल्यासारखे खड्डे पडले. करंज, सुबाभूळ, उंदीरमारी (गिरिपुष्प). फलक लागला, शाळेची पोरं आली, फोटो निघाले, कचोरी वाटली गेली.

दिवाळीपर्यंत बहुतेक रोपं वाळली. हलक्या जमिनीत वाळणारच. पण प्रत्येक रोपाला आधार म्हणून रोवलेली बांबूची काठी तशीच उभी राहिली, आणि घोळ त्या काठ्यांनी केला. पुढच्या पावसाळ्यात गेलो तर जवळपास प्रत्येक काठीवर कावळा. इतकी वर्षं ती चार-सहा झाडं सोडली तर त्या उघड्या माळावर कावळ्याला बसून टेहळणी करायला जागाच नव्हती. आता आम्हीच शे-दोनशे मचाणं बांधून दिली होती. एका काठीखाली गवत बाजूला केलं तर अंड्याची टरफलं सापडली, फिकट, मळकट, एका बाजूने फोडलेली. त्या जुलैत पाचाचे दोन नर उरले. त्याच्या पुढच्या वर्षी एकही नाही.

वाचलेली उंदीरमारी मात्र आता छान वाढली आहे. तिच्याखाली गवत नाही.

माझी सवय सांगतो, पद्धत वगैरे म्हणू नका. माळावर कुदळ लागण्याआधी एक पूर्ण पावसाळा नुसतं ऐकायचं. उजाडायच्या आधी जायचं, थर्मास घ्यायचा, एका जागी पाऊण तास बसायचं, कोण कुठून ओरडतंय ते वहीत लिहायचं. नवख्या पोरांना हे जमत नाही. दहा मिनिटांत त्यांचा हात मोबाईलकडे जातो. आधीपासून उभ्या बोरी-हिवरांना हात लावायचा नाही, नवीन लावायचं नाही. साहेबांना रोपांचं टार्गेट असेलच, तर त्यांना नाला, शाळेचं आवार आणि रस्त्याची कड दाखवायची. तिथे झाड जगतं आणि फोटोही बरा येतो.

सलग समतल चरांचंही तेच. सगळा उतार चरांनी खोदून काढला की पाणी मुरेल, पण गवताचा गालिचा फाटतो आणि मोकळ्या मातीत पहिल्यांदा रान तण येतं.

पारध्यांना बाजूला ठेवणे

दुसरी मोठी चूक. संरक्षण म्हटलं की पहिली बैठक सरपंच, गुरुजी आणि वनरक्षकाची. फासेपारध्यांचा, म्हणजे फास लावून शिकार करत आलेल्या जमातीचा, बेडा (वस्ती) माळाला लागून असतो, पण त्यांना बोलावणं नाही. उलट बैठकीचा पहिला ठराव त्यांना माळावर फिरकू न देण्याचा. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, त्या जमातींना १९५२ साली कागदावर मोकळं केलं, गावाच्या मनातून अजून नाही.

एकदा एका संस्थेची मुलं तितराची घरटी मोजायला आली. जीपीएस, ड्रोन, सगळं होतं. चार दिवस फिरून घरटी मिळाली शून्य. कुठून तितरी उठली की ही धावत जाऊन तिथलंच गवत चिवडायची. बेड्यावरचे एक म्हातारे, मी त्यांना मामा म्हणतो, धुऱ्यावर (बांधावर) बसून हे पाहत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"भाऊ, पाखरू जिथून उठते तिथं त्याचं घर नसते. थे आधी पायानं पयते, मंग उठते."

मग उठले, मुलांना जागेवर थांबवलं, एकटेच वाकून गवताच्या मुळांशी बघत वाऱ्याच्या उलट दिशेने गेले. पंचवीस-तीस पावलांवर बोरीच्या काटेरी जाळीपाशी थांबले आणि हात वर केला. सात अंडी. हात लावला नाही, आल्या पावली परत. येताना दाबलं गेलेलं गवत काठीने उचलून सरळ करत आले. ते का, असं एका मुलीने विचारलं. "मुंगूस आपली वाट पायते ना."

जन्मभर फास लावण्यासाठी पाखराची चाल शिकलेला माणूस असा असतो. ही विद्या कुठल्या कोर्सला मिळत नाही. कारंजा लाडच्या 'संवेदना' संस्थेने याच भागात फासेपारध्यांना सोबत घेऊन तणमोर आणि गवताळ रानाचं काम उभं केलं, ते पाहून या. वाट आहे, फक्त ती बेड्यावरून जाते.

आता भाबडेपणा नको. सगळ्यांनी फास टाकून दिले असं मी म्हणणार नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार गुन्हा आहे आणि हात पडतो तो नेहमी पारध्यावरच. रात्री जीपला सर्चलाइट लावून फिरणारे पांढऱ्या कपड्यातले हौशी सुटतात. पण घरात पीठ नसेल त्या दिवशी फास बाहेर निघतो, हे बेड्यावरचे लोकच सांगतात. म्हणून माझा नियम साधा आहे. त्यांना 'जनजागृती'ला बोलवायचं नाही, कामाला बोलवायचं. राखण, मोजणी, जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून गवत काढलेली पट्टी), कापणी. आणि मजुरी आठवड्याच्या आठवड्याला, अनुदान आल्यावर नाही.

दाणे टाकणे

पाखरांसाठी बाजरी फेकणाऱ्यांची मला कीव येते. मामांनी तरुणपणी तितर पाळलेले. पिल्लाला काय द्यायचे? वाळवी. वारूळ फोडून रोज ताजी. पहिले काही आठवडे पिल्लाला किडे लागतात, दाणा नंतर. त्यामुळे माळाला लागून असलेल्या सोयाबीनवर फवारा मारला की माळ कितीही राखा, पिल्लं उपाशी. तणमोरही आमच्याकडे बऱ्याचदा सोयाबीनच्या वावरात दिसतो, म्हणून शेतकऱ्याशी बोलणं टाळू नका. मी एवढंच मागतो: धुऱ्यावर तणनाशक मारू नका, हातभर गवत राहू द्या. दहातले तीन ऐकतात. तीनही चालतात.

बाकीच्या, थोडक्यात

चराई पूर्ण बंद करणे: सगळा माळ कमरेएवढा झाला तर तणमोराला नाचायला आणि पखुर्डीला बसायला जागा राहत नाही. पखुर्डीला उघडा मुरूम लागतो, तितराला झुडपाची कड, तणमोराला गुडघाभर गवत. थोडी गुरं हवीतच, आलटून-पालटून.

कुत्री: राखणदाराने सोबत कुत्रा नेणे ही चूक आहे. यावर चर्चा नाही.

पाळीव जपानी लाव्हे आणून सोडणे: बहुतेक आठवडाभरात मुंगसाच्या पोटात जातात. जे वाचतात ते रानच्या लाव्ह्यांशी संकर करू शकतात. सोडायचे असतील तर पैसे सोडा, बेड्यावर.

अंडी सापडली म्हणून घरी नेऊन कोंबडीखाली ठेवणे: कायद्याच्या व्याख्येत अंडी उचलणं, घरटं मोडणं हीसुद्धा शिकारच. दया म्हणून केलं तरी.

मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणे: तणमोराचा नर पावसाळ्यात दिवसाला शेकड्यांनी उड्या मारतो, माणसाएवढ्या उंच, गवताच्या वर. मादीने पाहावं म्हणून. त्याला तुमच्या स्पीकरशी भांडायला लावून तुम्ही त्याचा दिवस वाया घालवता. गाडी गवतात घालणाऱ्यांबद्दल मी इथे लिहीत नाही, ते तोंडावर बोलतो.

जाळरेषा मार्चमध्ये काढणे: तोवर अर्धा माळ जळालेला असतो. डिसेंबरात काढा.

आणि कापणी. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गवत हिरवं, चाऱ्याला भाव चांगला, म्हणून घाई होते. तेव्हाच घरट्यात अंडी असतात. आमच्याकडे विळा लक्ष्मीपूजनानंतर लागतो, बी गळाल्यावर. मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला कापत जायचं, म्हणजे पाखराला निसटायला कड मिळते. खाली चार बोटं गवत राहू द्यायचं, ब्रश कटर आणायचा नाही. गेल्या वर्षी एकाने आणलाच. मामांनी त्याला काही म्हटलं नाही, फक्त मशीनच्या पुढे दहा पावलं हातात काठी घेऊन दिवसभर चालत राहिले. संध्याकाळी त्या पोराने मशीन गाडीत टाकलं आणि दुसऱ्या दिवशी विळा घेऊन आला.