वर्कशॉपमध्ये नवीन अप्रेंटिस (शिकाऊ कामगार) आले की आधी हे करा
पहिल्याच दिवशी मशीनवर उभं करू नका, आधी सेफ्टी शूज-गॉगल द्या, इमर्जन्सी स्टॉपचं बटण आणि फर्स्ट एड कुठंय ते फिरून दाखवा. सुपरवायझर सोडून एखादा सिनियर सोबतीला द्याच, साहेबांना शंका विचारायला पोरं-पोरी घाबरतात आणि न विचारता केलेलं काम अंगाशी येतं. काम आधी करून दाखवा, मग त्यांच्याकडून करून घ्या, मग त्यांनाच समजावून सांगायला लावा, इथे घाई नकोच.

अभ्यासाचं मात्र सगळे विसरतात! क्लास आणि परीक्षेच्या तारखा शिफ्ट लावायच्या आधीच मागून घ्या, वर्गात मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं साधन) शिकवून झाला असेल तर त्याच आठवड्यात वर्कशॉपमध्ये हातात द्या म्हणजे डोक्यात बसतो, आणि केलेल्या कामाची डायरी त्यांच्याकडून रोजच्या रोज लिहून घ्या.