लग्नपत्रिकेत वळणदार फाँट वापरताना

सांगलीत पत्रिकेचा माथा गणपतीच्या नावाने सुरू होतो. ती ओळ आणि वधूवरांची नावं, एवढंच सुलेखनी वळणात ठेवा. मुहूर्त, स्थळ, निमंत्रक साध्या अक्षरात, नाहीतर आजोबांना चष्मा लावूनही वेळ सापडत नाही.

५ बाय ७ इंची कार्डावर नावांना ‘अमिता’ फाँट ३४ ते ३८ पॉइंट, बाकी मजकुराला ‘मुक्ता’ ११ पॉइंट. दोन्ही युनिकोड, फुकट. ‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’ नावाच्या निम्म्या आकारात, नाहीतर नावापेक्षा तेच उठून दिसतं.

अक्षरांमधलं अंतर शून्यच ठेवा. जागा भरायला ते वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि ‘शर्वरी’चे तीन तुकडे होतात. रुंदी हवी तर आकार वाढवा. दोन ओळींतलं अंतर मात्र सढळ, आकाराच्या दीडपट; वरच्या ओळीतल्या ‘कृ’चा पाय खालच्या रफाराला भिडता कामा नये.

छापखान्यात फाइल देण्याआधी कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार बनवा. इथे हमखास फसगत होते: अक्षरं शिरोरेषेवर एकमेकांवर चढलेली असतात, त्यामुळे आकार एकत्र करायला ‘कंबाइन’ ही आज्ञा दिली की जोडावर पांढरे ठिपके पडतात. त्याऐवजी आकार एकसंध जोडणारी ‘वेल्ड’ द्या. सोनेरी फॉइल असेल तर बोल्डच घ्या. बारीक रेघ फॉइलमध्ये तुटते.

शेवटी एक प्रत खऱ्या मापात काढून र्‍हस्व वेलांट्या आणि जोडाक्षरं बोट ठेवून वाचा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधून चिकटवलेल्या मजकुरात चुका तिथेच दडतात.